दुसऱ्यांच्या ऑर्केस्ट्रात बसून बसून मी म्हातारा होणार का?

पत्र असं आलंय (थोडं कापलंय, गाव आणि वय त्याच्या परवानगीनं ठेवलंय):

"काका, नमस्कार. मी सांगलीचा, वय २४. कीबोर्ड वाजवतो. गणपती, हळदी, वराती, जुन्या गाण्यांचे ऑर्केस्ट्राचे शो, जिथे बोलावतील तिथे जातो. वर्षभर झालं, पुण्यातल्या एका संगीतकारांकडे म्युझिक प्रोग्रामिंगपण करतोय. त्यांच्या चालीवर लॅपटॉपवर स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारखी वाद्यं) भरायच्या, ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) भरायचा, नाव कुठेच येत नाही. मला फिल्म कंपोझर व्हायचंय आणि समोर सत्तर माणसं बसवून कंडक्ट करायचंय, जॉन विल्यम्ससारखं. रात्री आरशासमोर पेन्सिल घेऊन प्रॅक्टिस करतो, हसू नका. पप्पा एसटीत कंडक्टर आहेत, ते म्हणतात कंडक्टरच व्हायचं होतं तर फॉर्म भरायचा की, एवढी वर्षं क्लासची फी कशाला भरली मी. आता एका डेली सोपचं बॅकग्राउंड करायची ऑफर आलीय, पैसे बरे आहेत पण नाव मोठ्या संगीतकाराचं जाणार. घेऊ का? का कर्ज काढून परदेशात कोर्सला जाऊ? विल्यम्स माझ्या वयात कुठल्या कुठे पोचला असेल आणि मी अजून वरातीत वाजवतोय. उशीर झाला का?"

अरे बाबा, आधी तुझ्या पप्पांना माझा नमस्कार सांग. त्यांच्या त्या वाक्यावर मी चहा सांडला. आणि आरशासमोर पेन्सिल घेऊन आम्ही पण उभे राहायचो, फक्त आमच्याकडे पेन्सिलऐवजी व्हायोलिनचा तुटलेला बो असायचा, तेव्हा हसण्याचा प्रश्नच नाही.

आता विल्यम्स, 'स्टार वॉर्स'चं म्युझिक करणारा तो हॉलिवूडचा संगीतकार. तू पत्रात त्याचं नाव चार वेळा घेतलंयस (मी दोन कापले), पण मला वाटतं तू त्याचे पंचेचाळिशीनंतरचे व्हिडिओ बघितलेत, पांढरी दाढी, काळा टर्टलनेक, समोर अख्खी सिंफनी. माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा आहे, खरं तर अहो-जाहोच करायला पाहिजे, पण चोविशीतल्या पोराला कोण अहो म्हणतं, म्हणून इथे 'तो'च म्हणतो. तर तू विचारतोस, माझ्या वयात तो कुठे होता. जन्म ८ फेब्रुवारी १९३२, म्हणजे २४ वर्षांचा झाला १९५६ साली. आणि १९५६ साली तो लॉस एंजेलिसमध्ये कोलंबिया स्टुडिओच्या ऑर्केस्ट्रात पियानो वाजवत होता. दुसऱ्यांचं म्युझिक. नाव कुठे येत नव्हतं. झालं समाधान?

नाही झालं, माहितीय मला. कारण "तो पण स्ट्रगल करत होता" असल्या गोष्टी सगळेच सांगतात आणि त्यानं पोट भरत नाही. म्हणून जरा आधीपासून सांगतो, त्यात तुझ्या कामाचं काहीतरी आहे.

त्याचा बाप ड्रमर. जॉनी विल्यम्स सीनियर, न्यूयॉर्कमध्ये रेमंड स्कॉटच्या बँडमध्ये वाजवायचा, नंतर १९४८ मध्ये कुटुंब लॉस एंजेलिसला आलं आणि बाप तिथल्या फिल्म स्टुडिओंत वाजवायला लागला. म्हणजे पोराला लहानपणापासून माहीत होतं की म्युझिक ही एक नोकरी आहे, सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी दमून परत यायची, त्यात जादूबिदू काही नाही. तुझे पप्पा जसे ड्यूटीवर जातात तसंच. पोरगा पियानो वाजवायचा, मारिओ कास्टेलनुओव्हो-टेडेस्को नावाच्या इटलीतून आलेल्या संगीतकाराकडे कंपोझिशन शिकला (हॉलिवूडमधले निम्मे लोक त्याच माणसाकडे शिकलेत, हेन्री मॅन्सिनी, जेरी गोल्डस्मिथ, आंद्रे प्रेव्हिन), आणि मग १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला एअर फोर्समध्ये गेला.

आता इथे थांब, कारण माझ्या मते त्याच्या सगळ्या करिअरमधला हा भाग तुझ्या सगळ्यात उपयोगाचा आहे आणि फॅन लोक नेमका तोच दोन ओळींत उडवतात. एअर फोर्समध्ये तो विमानं चालवायला नव्हता, बँडमध्ये होता. पियानो, ब्रास वाजवायचं, बँडसाठी अरेंजमेंट (कुठलं वाद्य काय वाजवणार ते) लिहायच्या, आणि कंडक्ट करायचं. काही काळ त्याचं पोस्टिंग होतं न्यूफाउंडलंडमध्ये, सेंट जॉन्सला. कॅनडाच्या एकदम पूर्वेच्या टोकाचं, थंडीनं गारठलेलं बेट. तिथे न्यूफाउंडलंडच्या टुरिझमसाठी एक छोटी फिल्म बनत होती, तिचं म्युझिक या पोरानं केलं, तिथलीच लोकगीतं घेऊन. हा त्याचा पहिला फिल्म स्कोअर. वय विशीच्या आसपास. कोणी बघितली असेल ती फिल्म? पण विचार कर, लिहिलेला कागद आणि तो वाजवणारी जिवंत माणसं, दोन्ही त्याच्याकडे रोजच्या रोज होतं. आज लिहिलं, उद्या बँडनं वाजवलं, परवा कळलं की क्लॅरिनेटवाल्याला श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती. बदल, परत लिही.

तुझ्याकडे हे नाहीये. उशीरबिशीर काही झालेला नाही, नाव येत नाही हा पण मोठा प्रॉब्लेम नाही (त्यावर येतो खाली), पण तू लिहिलेलं आजपर्यंत एकाही माणसानं फुंकून किंवा बोनं ओढून वाजवलेलं नाही, बरोबर? सगळं लॅपटॉपमध्ये. तुझ्या कीबोर्डमधला ट्रम्पेट कधी दमत नाही, त्याचे ओठ दुखत नाहीत, तो चहाला जात नाही. आणि तुला करायचंय कंडक्टिंग, म्हणजे दमणाऱ्या आणि चहाला जाणाऱ्या माणसांबरोबरचं काम.

पुढचं पटपट सांगतो. एअर फोर्समधून सुटल्यावर तो न्यूयॉर्कला जुलियार्ड या संगीताच्या कॉलेजमध्ये रोझिना लेव्हिन बाईंकडे पियानो शिकायला गेला, रात्री क्लबमध्ये जॅझ वाजवून पैसे काढायचा. स्वप्न होतं कॉन्सर्ट पियानिस्ट व्हायचं. पण त्याच बाईंकडची व्हॅन क्लायबर्न, जॉन ब्राउनिंग असली मुलं ऐकली आणि त्याच्या लक्षात आलं की आपण या लायनीत पहिले येणार नाही, लिहिण्याकडे वळलेलं बरं. मला हे फार आवडतं. रडारड नाही, हिशोब केला आणि वळला. मग लॉस एंजेलिस, कोलंबिया, पुढे फॉक्स स्टुडिओ, आणि सेशन पियानिस्ट म्हणून वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे स्कोअर. मॅन्सिनीच्या 'पीटर गन'ची ती धडधडत जाणारी ट्यून आहे ना, जी जगातला प्रत्येक कॉलेज बँड वाजवतो, त्यात पियानोवर हाच आहे. 'वेस्ट साइड स्टोरी'च्या सिनेमात पियानो याचा. 'टू किल अ मॉकिंगबर्ड'च्या सुरुवातीचा तो एकटा पियानो, म्युझिक एल्मर बर्नस्टाईनचं, बोटं याची. लोकांना काय पत्ता.

पण लक्षात घे, पियानो कुठे ठेवतात ऑर्केस्ट्रात? बहुतेक वेळा बाजूला, पर्कशनच्या जवळपास, आणि पियानोवाल्याला सतत वाजवायचं नसतं. चाळीस बार (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) गप्प, मग आठ बार काम, मग परत गप्प. त्या चाळीस बारात मोबाइल बघायचा (तेव्हा पेपर वाचायचे लोक) किंवा कान उघडे ठेवायचे. समोर मॅन्सिनी, बर्नस्टाईन उभे आहेत, चुकतायत, थांबतायत, फ्रेंच हॉर्नचा एक सूर बदलतायत आणि सगळा रंग पालटतोय. असली शाळा फी भरून मिळत नाही रे, इथे तर उलट दिवसाचे पैसे मिळत होते.

हे तुला अमेरिकेतलं वाटत असेल तर आपल्याकडचं बघ. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा ट्रम्पेट वाजवायचे. आठव्या वर्षी पोराच्या हातात व्हायोलिन दिलं आणि शिकायला पाठवलं अँथनी गोन्साल्विस सरांकडे. हो, तेच अँथनी गोन्साल्विस, १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या त्या गाण्यातलं नाव प्यारेलालजींच्या गुरूचं आहे, अमिताभच्या तोंडी पोचलं. मूळचे गोव्यातल्या माजोर्ड्याचे. या माणसानं १९५८ साली मुंबईत सेंट झेवियर्सच्या आवारात फिल्म लाइनमधले वादक एकत्र करून भला मोठा ऑर्केस्ट्रा उभा केला, सोलोला लताबाई आणि मन्ना डे. सिनेमासाठी नाही, स्वतःच्या रचना वाजवायला! असो, विषय प्यारेलालजींचा. घरची परिस्थिती बिघडली म्हणून बारा-तेरा वर्षांचं पोरगं स्टुडिओत व्हायोलिन वाजवून घर चालवायला लागलं. लक्ष्मीकांत कुडाळकर, आपला पार्ल्याचा मराठी मुलगा, वडील लहानपणीच गेलेले, तो मँडोलिन वाजवायचा. दोघं भेटले ते मंगेशकरांच्या घरच्या मुलांच्या संगीत मंडळात. आणि मग जवळजवळ दहा वर्षं दुसऱ्यांकडे वाजवणं, दुसऱ्यांचं अरेंज करणं, कल्याणजी-आनंदजींकडे असिस्टंटगिरी. मधे प्यारेलालजी व्हिएन्नाला जायचं म्हणत होते, तिथल्या ऑर्केस्ट्रात वाजवायला, लक्ष्मीकांतनं अडवलं म्हणून राहिले. १९६३ ला 'पारसमणी', १९६४ ला 'दोस्ती' आणि लगेच फिल्मफेअर, समोर 'संगम' असताना. आणि 'दोस्ती'मधलं माऊथ ऑर्गन कोणी वाजवलंय? राहुलदेव बर्मननं. म्हणजे बघ, जो तो दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगला जाऊन बसत होता, कोणाला कमीपणा वाटत नव्हता.

मी स्वतः १९८४ ला साताऱ्याहून मुंबईत आलो, सेकंड व्हायोलिन, मागून दुसरा बाक. सकाळी मेसेंजर घरी येऊन सांगून जायचा अमुक स्टुडिओ, नऊ वाजता, की निघायचं. गाणं कोणाचं, सिनेमा कुठला, बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत कळायचं नाही. नव्वदनंतर कीबोर्ड आले आणि आमच्या बाकावरची माणसं कमी कमी होत गेली. तुझ्या वाद्यानं माझी नोकरी खाल्ली, तरी सल्ला देतोय बघ.

तर एकदा काय झालं, एका सिनेमाचं बॅकग्राउंड चालू होतं, अरेंजर ट्रॅफिकमध्ये अडकले, निर्माता घड्याळ बघतोय, आणि मला नोटेशन स्वच्छ वाचता येतं म्हणून कोणीतरी म्हणालं तूच उभा राहा. मला काय, आरशासमोरची दहा वर्षांची तयारी! राहिलो उभा, आणि असे हात फिरवले, असे फिरवले, डोळेबिळे मिटून. पहिला टेक गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला अर्धी लोकं क्लिकच्या (हेडफोनमधल्या ताल मोजणाऱ्या टिकटिकीच्या) मागे, अर्धी पुढे. चेलोवर एक म्हातारे गोवेकर बसायचे, त्यांनी बो खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "नाचूं नाका रे बाबा, एक खंय आसा तें सांग." म्हणजे नाचू नको, फक्त 'एक' कुठे आहे ते सांग. सगळा स्टुडिओ हसला. मी पण हसलो, मग टॉयलेटमध्ये जाऊन जरा रडलो, वय कमी होतं. पण त्या एका वाक्यात कंडक्टिंग आहे. आपल्या भाषेत, सम दाखव. तबलजी डोळ्यांनी समेवर भेटतो ना गायकाला, तसं चाळीस लोकांना एकाच वेळी भेटायचं.

आणि सिनेमाचं कंडक्टिंग अजून वेगळं, तिथे सम पडद्यावर असते. हिरोनं दार उघडलं की त्याच फ्रेमला कॉर्ड पडली पाहिजे. जुन्या हॉलिवूडमध्ये यासाठी एक जुगाड होता, फॉक्सच्या आल्फ्रेड न्यूमनच्या नावानं ओळखतात. फिल्मच्या पट्टीवर तिरकी रेघ खरवडायची, प्रोजेक्टरवर ती रेघ पडद्याच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकत जाते, म्हणजे कंडक्टरला दोनेक सेकंद आधी कळतं की आता येतंय, आणि रेघ संपते तिथे फिल्मला भोक पाडलेलं असतं, त्याचा लख्ख उजेड चमकतो, तो 'एक'. एक डोळा पडद्यावर, एक डोळा वादकांवर. विल्यम्स या पद्धतीत वाढलाय. लॅपटॉपवर आज हे सगळं आपोआप होतं, पण क्लिक बंद करून एकदा करून बघ, एखादा दोन मिनिटांचा सीन लाव आणि नुसत्या हातानं वेळ गाठ. पहिल्या दिवशी घाम फुटेल.

तुझा डेली सोप. इथे मला विल्यम्सचं १९५८ ते ६८ हे दशक आठवतं, ज्याबद्दल तुझ्या व्हिडिओवाल्यांना काही देणंघेणं नसतं. पहिला पूर्ण सिनेमा १९५८ चा 'डॅडी-ओ', स्वस्तातला पिक्चर. मग टीव्ही, टीव्ही, टीव्ही. 'एम स्क्वॉड', 'चेकमेट', 'गिलिगन्स आयलंड', 'लॉस्ट इन स्पेस'. नाव यायचं 'जॉनी विल्यम्स'. शिवाय अशाही मालिका, ज्यांत दर आठवड्याला वेगळी गोष्ट, म्हणजे या आठवड्यात वेस्टर्न, पुढच्या आठवड्यात खून, त्यानंतर कॉमेडी, आणि प्रत्येक वेळी नवं म्युझिक लिहून, ऑर्केस्ट्रा बोलावून, स्वतः कंडक्ट करून द्यायचं. डेडलाइन चुकली तर एपिसोड थांबत नाही, तुम्ही थांबता. वय २६ ते ३६ हे असं गेलं. पहिलं ऑस्कर नॉमिनेशन १९६७ च्या सिनेमासाठी, पहिलं ऑस्कर १९७१ च्या 'फिडलर ऑन द रूफ'साठी आणि तेही दुसऱ्याच्या म्युझिकलचं रूपांतर केल्याबद्दल. स्पीलबर्ग नावाच्या पोरानं त्याचा 'द रीव्हर्स'चा स्कोअर ऐकून ठेवला होता, म्हणून १९७४ ला 'शुगरलँड एक्सप्रेस' मिळाला आणि ७५ ला तो शार्कवाला 'जॉज'. दोन सुरांची ती ट्यून पियानोवर वाजवून दाखवली तेव्हा स्पीलबर्ग हसला होता, त्याला वाटलं चेष्टा करतोय. पुढच्या वर्षी ऑस्करच्या रात्री कार्यक्रमाचा ऑर्केस्ट्रा विल्यम्सच कंडक्ट करत होता, नाव पुकारलं तर खालून पळत स्टेजवर जाऊन बाहुली घेतली आणि परत जाऊन कामाला लागला. वय ४४. मार्च १९७७ मध्ये लंडनजवळ डेनमला 'स्टार वॉर्स' रेकॉर्ड झालं, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, ते पहिलं ट्रम्पेट वाजवणारे मॉरिस मर्फी यांचं त्या ऑर्केस्ट्रातलं पहिलंच काम होतं म्हणे. नवीन नोकरीचा पहिला दिवस आणि पहिलाच तो टॉपचा सूर. कसला धसका घेतला असेल.

म्हणून सोपचं काम घे. पण डोळे उघडे ठेवून घे, कारण तुझ्या केसमध्ये आणि त्याच्या पियानो वाजवण्यात एक फरक आहे जो तू पत्रात गुंडाळून टाकलायस. दुसऱ्यानं लिहिलेलं वाजवताना नाव आलं नाही तरी चालतं, तो रोजगार आहे. दुसऱ्याच्या चालीवर स्ट्रिंग्ज भरल्या, ठीक, अरेंजर म्हणून श्रेय मागायचं, नाही दिलं तरी शिकायला मिळालं. पण अख्खी चाल तुझी, थीम तुझी, आणि कागदावर कंपोझर म्हणून दुसरा, हे मला पटत नाही. 'जॉनी' का होईना, नाव त्याचंच होतं. आणि यात नुसती भावना नाही, पैसा आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला तेव्हापासून संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क सही घेऊन काढून घेता येत नाही, पण तो हक्क प्रत्यक्षात मागता येतो त्याला, ज्याचं नाव संगीतकार म्हणून कागदावर आहे. तू कागदावर कुठेच नसशील तर हक्क कसा सिद्ध करणार. त्यामुळे त्यांना सरळ विचार, टायटलमध्ये 'बॅकग्राउंड म्युझिक' म्हणून नाव द्या, मोठं नको, शेवटी द्या, 'सोबत' म्हणून द्या, पण द्या. क्यू शीटवर, म्हणजे कुठल्या सीनला कुठला तुकडा, किती सेकंद, कोणाचा, त्या कागदावर नाव टाका. नाहीच म्हणाले तर सहा महिने, जास्त नाही, आणि तुझ्या सगळ्यात चांगल्या थीम तुझ्या घरीच ठेव. बाजारात सगळी हळद एकाच दिवशी कोणी आणत नाही, तू सांगलीचा आहेस, तुला काय सांगायचं.

आणि त्या पैशाचं काय करायचं ते मी सांगतो. परदेशातल्या कोर्सचं कर्ज आत्ता नको. कोर्स वाईट म्हणून नाही रे, तुला अजून कळलेलं नाही तुला काय येत नाही, आणि ते न कळता तीस-चाळीस लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन गेलास की तिथे पहिल्या सहामाहीत स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर सूर लिहायची पाश्चात्त्य पद्धत) शिकशील, जे मिरजेच्या स्टेशनवर बसूनपण शिकता येतं. तुला स्टाफ वाचता येतं का, हे पत्रात नाहीये, म्हणजे येत नसणार. लाजू नको. आधी ते. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या थिअरीच्या परीक्षा आपल्याकडे देता येतात, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे कोणी भेटले तर त्यांच्याकडे जा. गोव्यातल्या लोकांनी मुंबईची फिल्म इंडस्ट्री चालवली ती कशाच्या जोरावर, पोर्तुगीजांच्या काळात चर्चच्या शाळेत पोरांना सूर लिहायला-वाचायला शिकवायचे म्हणून. आपली पेटीवाली माणसं चाल सांगायची, ते क्षणात कागदावर उतरवून चाळीस लोकांत वाटायचे.

मग बँड. तुझ्या गावात लग्नाचे बँड आहेत की नाहीत? क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम, सगळं आहे. आषाढ ते कार्तिक मुहूर्त नसतात, ती माणसं गणपतीचे दिवस सोडले तर बऱ्यापैकी मोकळी असतात. सोपच्या पहिल्या पगारातून आठ जणांना दोन तासांचे पैसे दे, व्यवस्थित दे, चहा-वडा वेगळा, आणि तू लिहिलेला तीन मिनिटांचा तुकडा त्यांच्याकडून वाजवून घे. बरेच जण नोटेशन वाचणार नाहीत, गाऊन सांगावं लागेल, सरगम लिहून द्यावी लागेल. दे. आणि तेव्हा तुला कळेल की ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट बऱ्याचदा बी फ्लॅटचे असतात, म्हणजे तुझ्या कीबोर्डवरचा सी हवा असेल तर त्याला डी लिहून द्यायचा. हे यूट्यूबवर तू शंभर वेळा ऐकलं असशील, पण एकदा आठ लोक एकदम बेसूर वाजले की जन्मात विसरणार नाहीस. दर महिन्याला एकदा. वर्षात बारा तुकडे. एअर फोर्सचा बँड तुझ्याकडे नाही, वरातीचा आहे, आणि उघड्यावर, ट्रॅफिकमध्ये, नाचणाऱ्यांच्या धक्क्यांत सूर टिकवणारी माणसं आहेत ती, त्यांना कमी समजू नको.

फिल्मचं म्हणशील तर पुण्यात एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था आहे, तिथल्या पोरांच्या डिप्लोमा फिल्म असतात, बजेट नसतं, म्युझिक लागतं. महिन्यातून दोनदा पुण्याला जातोसच. कँटीनमध्ये जाऊन बस, बोल. कोणी द्राक्षांवर, कोणी हळदीच्या पेवांवर दहा मिनिटांची डॉक्युमेंटरी करत असेल तर फुकट कर, आणि त्यात स्ट्रिंग सिंथ (कीबोर्डमधली नकली व्हायोलिन) न लावता तो बँड वापर.

कंडक्टिंग बघायचं असेल तर मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून. त्यांच्या सीझनमध्ये एकदा स्वस्तातलं तिकीट काढून ये, पण कंडक्टरच्या पाठीकडे बघू नको, सगळे तेच बघतात. वादकांच्या डोळ्यांकडे बघ. ते वर कधी बघतात, कधी बघत नाहीत. जिथे सगळे एकदम वर बघतात ना, तिथे तो माणूस खरं काम करतोय.

आणि एक भीती आत्ताच घालतो. १९८० च्या जानेवारीत विल्यम्स बॉस्टन पॉप्स या ऑर्केस्ट्राचा कंडक्टर झाला, तोपर्यंत अर्धं शतक आर्थर फीडलर तिथे होते. सगळं मिळालेलं, घरात चार ऑस्कर, आणि १९८४ मध्ये रिहर्सलला काही वादकांनी त्याच्यासमोर स्स्स करून नापसंती दाखवली. त्यानं राजीनामा दिला. नंतर समजूत निघाली, मागे घेतला, १९९३ पर्यंत राहिला. म्हणजे बावन्नाव्या वर्षी, जगातल्या सगळ्यात फेमस फिल्म कंपोझरला पण समोरचे लोक ऐकायला तयार नसतात कधी कधी. तुला गणपतीच्या शोमध्ये ड्रमरनं डोळे वटारले म्हणून तू एक पूर्ण परिच्छेद लिहिलाय पत्रात (तो मी छापला नाही). अरे, वटारू दे.

पप्पांचं राहिलं. त्यांना म्हणावं, एक दिवस तुमच्या गाडीत बसून येतो, सांगली-कोल्हापूर. मागे बस आणि बघ. गर्दीत सत्तर माणसं, कोणाला सुट्टे हवेत, कोणाला थांबा माहीत नाही, कोणी दारात लटकलेलं, ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, आणि हा माणूस न ओरडता एक टण् दिला की गाडी थांबते, दोन दिले की सुटते. आरशासमोरची पेन्सिल फेकून दे आणि ते हात बघ. मग त्यांनाच विचार की नवीन असताना पहिल्या दिवशी बेल द्यायला भीती वाटली होती का, आणि काय म्हणाले ते मला कळव, मला खरंच ऐकायचंय.

सोपवाल्यांना फोन मात्र या आठवड्यातच कर. क्यू शीटचं आधी बोल, पैशाचं नंतर.